‘गेट बिझी’ आणि दिवाली रिडिम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गेट बिझी’ हे नेमकं कोणतं गाणं?

शॉन पॉल या जमैकन कलाकाराचं, २००३ साली जगभर वाजलेलं डान्सहॉल गाणं. नाव आठवत नसेल तरी टाळ्या आठवतील. गाणं सुरू होताच टाळ्यांचा एक दाट, पळता ठेका लागतो आणि त्यावर शॉन पॉल एकेका मुलीचं नाव घेऊन तिला नाचायला बोलावतो : अ‍ॅनाबेला, जोडी, रेबेका. बाकी वाद्यं अगदी मोजकी.

अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत त्याआधी नऊ आठवडे फिफ्टी सेंटचं ‘इन द क्लब’ ठाण मांडून बसलं होतं. १० मे २००३ च्या यादीत ‘गेट बिझी’ने त्याला खाली उतरवलं आणि तीन आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही. ब्रिटनमध्ये ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या रात्रींसाठी बनवलेला ठेका आणि जमैकन बोलीतले शब्द घेऊन अमेरिकी रेडिओच्या अगदी वरच्या पायरीवर पोचणं, ही त्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हती.

डान्सहॉल म्हणजे रेगेच ना?

रेगेच्या पोटातून निघालेलं, पण स्वभावाने वेगळं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमध्ये त्याला आकार आला. बॉब मार्लीचं रेगे तोवर परदेशी रंगमंचांवर पोचलं होतं. डान्सहॉल मात्र वस्तीतल्या मोकळ्या जागेत, साऊंड सिस्टिमपुढे नाचणाऱ्यांसाठी होतं. साऊंड सिस्टिम म्हणजे माणसाहून उंच रचलेले स्पीकर, अँप्लिफायर, रेकॉर्ड लावणारा आणि माइक धरणारा असा अख्खा फिरता ताफा. ‘स्टोन लव्ह’ नावाचा असाच एक ताफा १९७२ पासून चालू आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जमैकात रेकॉर्ड निवडून लावणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात. डीजे म्हणजे माइकवर ठेक्यात बोलणारा, गाणारा. आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतला स्पीकरचा ट्रक डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे जमैकन संगीतावर काही वाचताना हा फरक ध्यानात नसेल तर पदोपदी गोंधळ उडतो.

१९८५ मध्ये निर्माता किंग जॅमी आणि गायक वेन स्मिथ यांनी ‘अंडर मी स्लेंग टेंग’ काढलं. त्याचा ठेका कॅसिओच्या एका छोट्या कीबोर्डमध्ये, एमटी-४० मध्ये, आधीपासूनच भरलेला होता. त्या गाण्यानंतर स्टुडिओत ड्रमर आणि बासवादक बसवण्याची सक्ती संपली. कीबोर्ड आणि कल्पना असलेल्या कुणालाही स्वतःचा ठेका बनवता येऊ लागला. ‘गेट बिझी’चा रस्ता तिथूनच सुरू होतो.

रिडिम म्हणजे काय? सारखा हा शब्द येतो.

हा कळला की बाकीचं सगळं सोपं होतं, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

गाण्यातून गायकाचा आवाज काढून घ्या. खाली जे उरतं, म्हणजे ड्रम, बास, टाळ्या, कीबोर्डची एखादी फिरणारी ओळ, ते रिडिम. जमैकात रिडिमला गाण्यापासून वेगळं अस्तित्व असतं आणि स्वतःचं नाव असतं. एकच रिडिम दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त गायक वापरतात. प्रत्येकाचे शब्द वेगळे, चाल वेगळी, विषय वेगळा.

आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. जात्याची घरघर तीच असते, पण दळायला बसलेली प्रत्येक बाई आपली ओवी गाते. एकीला माहेर आठवतं, दुसरीला विठोबा, तिसरी सासूचा जाच सांगते. घरघर कुणा एकीची नसते. रिडिमही असाच सगळ्यांखाली चालू असतो.

याची मुळं १९६० च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत आहेत. तेव्हा जमैकन रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची गायनाविना आवृत्ती छापायला लागले. साऊंड सिस्टिमवर ती बाजू लावायची आणि माइकवाल्याने त्यावर आपलं बोलायचं. यू-रॉयसारख्या माणसाने त्या बोलण्याची कला केली, किंग टबीने त्या मागच्या बाजूंतून डब नावाची स्वतंत्र शैली घडवली.

आजही क्रम साधारण तोच आहे. निर्माता रिडिम तयार करतो. गायक-डीजे एकामागून एक येऊन त्यावर आवाज देतात. मग नाचाच्या रात्री सिलेक्टर त्या एकाच रिडिमवरची गाणी सलग जोडत जातो. ठेका तुटत नाही, फक्त आवाज बदलतात. याला तिकडे जगलिंग म्हणतात. मला हा प्रकार विलक्षण न्यायी वाटतो. सगळ्यांच्या पायाखालची जमीन सारखीच असल्यामुळे कोण काय घेऊन आलाय ते उघडं पडतं. भारी वाद्यमेळाच्या आडोशाला लपायची सोय नाही.

मग ‘गेट बिझी’चं रिडिम कोणतं?

दिवाली रिडिम. बनवणारा स्टीव्हन मार्सडेन, ज्याला सगळे लेंकी म्हणतात. पेशाने कीबोर्डवादक. २००२ मध्ये लंडनच्या ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ कंपनीने आपल्या रिडिम अल्बमांच्या मालिकेत सत्ताविसावा अल्बम म्हणून हे बाहेर काढलं. अल्बमभर एकच रिडिम, गायक वेगवेगळे.

‘दिवाली’ म्हणजे आपली दिवाळीच का?

हो, सणाचंच नाव. पण पणत्या, फराळ, लक्ष्मीपूजन यांचा गाण्यांत मागमूस नाही. रिडिमची नावं अशीच असतात, ओळख पटावी म्हणून ठेवलेली : प्लेग्राऊंड, बुकशेल्फ, स्ट्रीट स्वीपर. तरीही किंग्स्टनमधल्या एका वादकाला आपल्या ठेक्यासाठी हेच नाव सुचतं, यामागे जमैकाचा इतिहास आहे.

जमैकात भारतीय कुठून आले? त्यांत मराठी माणसं होती का?

१८३० च्या दशकात ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. त्यांनी करारावर भारतातून माणसं आणायला सुरुवात केली. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ नावाचं जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बे इथे पहिली तुकडी घेऊन लागलं. ही पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चालली. तोवर सुमारे ३६,००० भारतीय त्या बेटावर उतरले होते. बहुतेक जण कलकत्त्याच्या बंदरातून निघालेले, आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. मराठी करारी मजुरांची मोठी वस्ती मॉरिशसमध्ये झाली, कारण मुंबई बंदरातून तिकडे जहाजं जात. जमैकाच्या बाबतीत तसं घडलं नाही.

त्या लोकांनी बेटावर बरंच काही पेरलं. बोकडाच्या मटणाची करी आज जमैकन लग्नाच्या जेवणात असतेच, रोटी आहे, गांजा आणि चिलीम आहे. आफ्रिकेशी नातं सांगणाऱ्या रास्ताफारी या जमैकन धार्मिक चळवळीच्या आद्य प्रवर्तकांपैकी लेनर्ड हॉवेल याने आपलं लेखन ‘जी. जी. मराघ’ अशा भारतीय वळणाच्या नावाने छापलं होतं. मुळात तो आफ्रिकन वंशाचा. मळ्यांवर दोन समाज किती जवळजवळ राहत होते याचा हा पुरावाच आहे.

आणि एक योगायोग, जो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १० मे हा दिवस आज जमैकात भारतीय वारसा दिन म्हणून पाळला जातो. दिवाली नावाच्या रिडिमवरचं गाणं अमेरिकेत पहिलं आलं ती यादीही १० मेचीच.

रिडिममध्ये तबला किंवा सतार आहे का?

नाही. ठसा आहे तो टाळ्यांचा.

मिनिटाला सुमारे १०० ठोके अशी त्याची गती, म्हणजे साधारण चालण्याच्या पावलांइतकी आणि पळण्यापेक्षा बरीच कमी. डान्सहॉलचा एरवीचा सांगाडा आठ मात्रांचे ३-३-२ असे गट पाडून चालतो. लेंकीने तो सांगाडा ठेवला, पण स्नेअर ड्रमचं बरंचसं काम टाळ्यांकडे दिलं. त्या टाळ्या अपेक्षित जागी न पडता मागेपुढे पडत राहतात. कान जागा शोधत राहतो आणि शरीर ती आधीच शोधून मोकळं होतं. मधे मोकळी जागाही खूप आहे. म्हणूनच गोड गळ्याचा गायक आणि घोगऱ्या आवाजाचा डीजे, दोघेही त्यात मावले.

शॉन पॉल कोण? तो आधीपासून प्रसिद्ध होता का?

पूर्ण नाव शॉन पॉल रायन फ्रान्सिस हेन्रिक्स, जन्म ९ जानेवारी १९७३, किंग्स्टन. वडिलांकडून पोर्तुगीज ज्यू वंश, आईकडून इंग्रज आणि चिनी. आईवडील दोघंही पट्टीचे पोहणारे, आणि तो स्वतः तरुणपणी जमैकाच्या राष्ट्रीय वॉटर पोलो संघात खेळला. काही काळ त्याने बँकेत नोकरीही केली.

घर किंग्स्टनच्या सुखवस्तू भागातलं. डान्सहॉल हे गरीब वस्त्यांचं संगीत, त्यामुळे ‘वरच्या वस्तीतला’ उजळ रंगाचा मुलगा डीजे म्हणून उभा राहिला तेव्हा भुवया उंचावल्या. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही; परदेशी कंपन्यांचे दरवाजे कुणासाठी लवकर उघडतात हा रास्त प्रश्न आहे. पण तो एका रात्रीत वर आलेला नाही हेही तितकंच खरं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तो किंग्स्टनच्या साऊंड सिस्टिमवर वाजत होता. निर्माता जेरेमी हार्डिंगने त्याला घडवलं आणि त्याचं व्यवस्थापनही पाहिलं. बुकशेल्फ रिडिमवरचं ‘डिपोर्ट देम’ आणि मिस्टर व्हेगससोबतचं ‘हॉट गॅल टुडे’ यांनी जमैकात त्याचं नाव झालं होतं. २००० मध्ये पहिला अल्बम ‘स्टेज वन’ आला आणि नोव्हेंबर २००२ मध्ये ‘डटी रॉक’. ‘गेट बिझी’ या दुसऱ्या अल्बममधलं.

एकाच रिडिमवर इतकी गाणी होती, मग हेच का चाललं?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि स्वतःलाही सर्वांत जास्त आवडणारा प्रश्न.

पहिलं म्हणजे, हेच एकटं चाललं हा समज चुकीचा आहे. वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ याच रिडिमवरचं. ते अमेरिकेत अकराव्या आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली लुमिडी ही तरुण गायिका याच टाळ्यांवर ‘नेव्हर लीव्ह यू’ गायली. तिचं गाणं अमेरिकेत तिसरं, ब्रिटनमध्ये दुसरं. एका वर्षात एकाच ठेक्यावरची तीन गाणी आणि तिन्ही रेडिओवर. अमेरिकेत ठेका सहसा एका गाण्याचा आणि एका गायकाचा मानला जायचा. तिथल्या श्रोत्यांना जमैकन पद्धतीची ही सवय या तिघांनी मिळून लावली.

माझं म्हणणं असं की ही स्पर्धा नव्हतीच, ती एकमेकांना दिलेली साथ होती. वेन वंडर ऐकलेल्या माणसाला ‘गेट बिझी’च्या टाळ्या आधीच ओळखीच्या वाटत. क्लबमध्ये रेकॉर्ड लावणाऱ्यालाही सोय, एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ठेका जुळवायची खटपट नाही. प्रत्येक गाणं पुढच्याची जाहिरात करत होतं. एका माणसाचं यश म्हणून हे सांगितलं की गोष्टीचा अर्धा भाग गळून पडतो.

तरी वरच्या पायरीवर शॉन पॉल गेला, त्याची कारणं आहेत. बाउंटी किलरने याच रिडिमवर ‘सफरर’ केलं. त्यात गरिबांचे हाल आहेत, गाणं जबरदस्त आहे, पण ते समजायला किंग्स्टन थोडंफार ठाऊक असावं लागतं. याच रिडिमवरचा एलिफंट मॅन या डीजेचा धुडगूस जमैकात डोक्यावर घेतला गेला. परक्या कानाला तो एका दमात पेलत नाही. वेन वंडरचं प्रेमगीत हळुवार. शॉन पॉलने आवाज जवळपास एकाच पट्टीत ठेवला, ठाम, न थकणारा. शब्द कळले नाहीत तरी तो आवाज टाळ्यांच्या जोडीला आणखी एक तालवाद्य म्हणून काम करतो. शिवाय मुलींची नावं. परभाषेच्या गाण्यातही माणसाचं नाव लगेच कानात शिरतं.

वेळही जुळून आली होती. त्याच्या आधीच्या ‘गिमी द लाइट’ने अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत मजल मारून हिप-हॉपच्या श्रोत्यांना त्याचा आवाज ओळखीचा केला होता. न्यूयॉर्क, मायामी, टोरोंटो, लंडन या शहरांत कॅरिबियन वस्ती मोठी. न्यूयॉर्कच्या हॉट ९७ केंद्रावर बॉबी कॉन्डर्स वर्षानुवर्षं डान्सहॉल वाजवत होता. म्हणजे जमीन नांगरलेली होती. आणि गाणं पहिल्या क्रमांकावर आलं मे महिन्यात, तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, गाड्यांच्या काचा खाली होतात तेव्हा.

रेकॉर्ड कंपनीचा वाटा किती?

मोठा. ‘व्हीपी रेकॉर्ड्स’ म्हणजे व्हिन्सेंट आणि पॅट्रिशिया चिन यांची कंपनी. नावातली दोन अक्षरं त्यांचीच. किंग्स्टनच्या नॉर्थ परेडवर त्यांचं ‘रँडीज’ हे रेकॉर्डचं दुकान होतं, वर स्टुडिओ. १९७० च्या दशकात ते न्यूयॉर्कला गेले आणि क्वीन्समध्ये त्यांनी ‘व्हीपी’चं दुकान थाटलं. स्थलांतरित जमैकनांना गावाकडची ताजी गाणी मिळायची ती तिथे. पॅट्रिशियाबाईंच्या घराण्यात भारतीय आणि चिनी असे दोन्ही धागे आहेत. २००२ मध्ये ‘व्हीपी’ने ‘अटलांटिक’ या बड्या अमेरिकी कंपनीशी हात मिळवला. डान्सहॉलची जाण एकाकडे आणि देशभर रेकॉर्ड पोचवण्याची ताकद दुसऱ्याकडे, असा तो सौदा होता. ‘डटी रॉक’ या जोडीतून आला.

व्हिडिओ जमैकात चित्रित झालाय का?

नाही, टोरोंटो परिसरात. दिग्दर्शक लिट्ल एक्स, जो पुढे डिरेक्टर एक्स म्हणून ओळखला गेला. बाहेर थंडी, आत घराच्या तळघरात गर्दी, पोरं घाम गाळून नाचताहेत आणि गोंगाटाने वैतागलेले घरातले वडील. कॅनडातल्या कॅरिबियन घरांमधली पार्टी अशीच असायची. समुद्रकिनारा आणि नारळीची झाडं दाखवण्याचा मोह त्यांनी टाळला, म्हणून व्हिडिओ आजही खरा वाटतो.

शब्द अजिबात कळत नाहीत. काय करावं?

काही बिघडत नाही. ती जमैकन पात्वा आहे, इंग्रजी शब्द आणि आफ्रिकी भाषांची घडण यांतून तयार झालेली स्वतंत्र बोली. शाळेत आणि कचेरीत तिला फार काळ कमी लेखलं गेलं. कवयित्री लुईझ बेनेट यांनी तिच्यात कविता करून तिची मान ताठ केली. शॉन पॉलने अमेरिकेसाठी ती सोडून दिली नाही. आपल्याकडे मालवणी किंवा अहिराणी गाणी राज्यभर चालतात तेव्हाही सगळ्यांना सगळं कळत असतं असं कुठे आहे?

यशाचे पैसे कुणाला मिळाले? लेंकीला काही मिळालं का?

‘गेट बिझी’चे लेखक म्हणून शॉन पॉल आणि स्टीव्हन मार्सडेन अशी दोन्ही नावं लागली. रिडिम बनवणारा हा सहलेखक मानला गेला की त्याच्या ठेक्यावरच्या प्रत्येक गाण्यात त्याचा हक्काचा वाटा येतो. तीन गाणी गाजली तर तिन्हींत.

हे आपोआप घडत नाही. जुन्या पिढीतले कित्येक जमैकन वादक आपल्याच ठेक्यांवर जग नाचताना पाहत राहिले आणि हाती फारसं काही आलं नाही. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीचा १९८९ मधला ‘फिश मार्केट’ हा रिडिम घ्या. रेगेटोन या स्पॅनिश भाषेतल्या संगीताचा जो प्रचंड मोठा बाजार उभा राहिला, त्याच्या तळाशी तोच ठेका आहे असा दावा करत त्यांच्या बाजूने २०२१ मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला. गाण्यात मालकी चालीची की ठेक्याचीही, हा प्रश्न त्यात आहे. माझं मत स्पष्ट आहे : दिवाली रिडिमच्या टाळ्या काढून घ्या आणि मग सांगा, त्या तीन गाण्यांचं काय उरतं.

त्या काळात अमेरिकी गाण्यांत भारतीय सूर बरेच ऐकू येत होते. त्याचा संबंध आहे का?

हवा होती खरी. २००१ मध्ये मिसी एलियटच्या ‘गेट योर फ्रीक ऑन’मध्ये तुंबी हे पंजाबी एकतारी वाद्य वाजलं. पंजाबी एमसीचं ‘मुंडियां तो बच के’ जे-झीच्या साथीने २००३ मध्ये अमेरिकेत पोचलं. आणि एक प्रकरण तर थेट आपल्या घरातलं. ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या २००२ च्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाण्यात लता मंगेशकरांचा आवाज आहे, ‘ज्योती’ (१९८१) या हिंदी चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’मधून उचललेला. गाणं अमेरिकेत नवव्या क्रमांकावर गेलं. परवानगी नव्हती, संगीतकार बप्पी लाहिरी यांचं नावही नव्हतं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं आणि श्रेय दिल्याशिवाय विक्री करायची नाही असा आदेश २००३ मध्ये निघाला.

दिवाली रिडिम याच दिवसांतलं असलं तरी त्याची जातकुळी वेगळी. त्यात कुणाचा आवाज उचललेला नाही. आणि जमैकाचा भारताशी संबंध त्या दोन वर्षांच्या फॅशनमधून आलेला नव्हता, तो दीडशे वर्षांचा होता.

अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे पहिलंच डान्सहॉल गाणं का?

असं सरसकट म्हणू नये. आयनी कमोझीचं ‘हिअर कम्स द हॉटस्टेपर’ १९९४ मध्ये तिथे पोचलं होतं. शॅगीची दोन गाणी २००१ मध्ये. कॅनडाच्या स्नोचं ‘इन्फॉर्मर’ १९९३ मध्ये सात आठवडे पहिलं होतं. पण यांतल्या बहुतेकांवर हिप-हॉप किंवा पॉपचा हात फिरलेला आहे. ‘गेट बिझी’ जसं किंग्स्टनच्या सिलेक्टरने लावलं असतं तसंच अमेरिकेने ऐकलं, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं.

अशा गाण्यांत बायकांना फक्त नाचवायचंच असतं ना?

आक्षेप समजतो. ‘गेट बिझी’ हे उघडउघड शृंगाराचं आमंत्रण आहे, आणि डान्सहॉलमध्ये याहून कितीतरी भडक, बायकांबद्दल वाईट बोलणारी गाणी आहेत. त्यांचं समर्थन करायचं कारण नाही. समलैंगिकांविरुद्ध हिंसेची भाषा करणारी गाणीही काही मोठ्या डीजेंनी केली. त्यावरून युरोप-अमेरिकेत आंदोलनं झाली, कार्यक्रम रद्द झाले, आणि ते व्हायलाच हवं होतं.

दुसरी बाजूही ऐकण्याजोगी आहे. वेस्ट इंडीज विद्यापीठात दीर्घकाळ शिकवलेल्या अभ्यासक कॅरोलिन कूपर अनेक वर्षं मांडत आल्या आहेत की कष्टकरी वस्तीतल्या बाईला डान्सहॉलच्या अंगणात स्वतःच्या देहावर आणि सजण्यावर हक्क सांगायला जागा मिळते, जी तिला चर्चमध्ये किंवा कचेरीत मिळत नाही. लावणीबद्दल आपल्याकडे झालेले वाद आठवणाऱ्यांना हा युक्तिवाद परका वाटणार नाही.

पुढे काय झालं?

‘डटी रॉक’ला २००४ मध्ये सर्वोत्तम रेगे अल्बमचा ग्रॅमी मिळाला. २००३ च्या शरद ऋतूत बियॉन्सेसोबतचं ‘बेबी बॉय’ नऊ आठवडे पहिलं होतं आणि २००६ मध्ये ‘टेम्परेचर’ही तिथे गेलं. दिवालीच्या पाठोपाठ ‘कूली डान्स’ नावाचा टाळ्यांवरच चालणारा रिडिम आला. नाव भारतीय वंशाच्या लोकांना टोचणारं, पण त्यावरचं निना स्कायचं ‘मूव्ह या बॉडी’ अमेरिकेत चौथं आलं. २००५ मध्ये बार्बाडोसच्या रिहानाने ‘पॉन दे रिप्ले’ने पदार्पण केलं, तेही याच वाटेवरून.

२०१६ च्या आसपास ड्रेक, जस्टिन बीबर यांच्या गाण्यांतून डान्सहॉलचा ठेका परत जगभर वाजला, पण त्याला डान्सहॉल म्हणायला फारसं कुणी तयार नव्हतं. शॉन पॉलने तेव्हा जाहीरपणे नाराजी व्यक्त केली की हे कुठून आलं ते हे लोक सांगत नाहीत. तो बरोबरच बोलला.

भारतात डान्सहॉल प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

मिळतं. १९९० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या अपाचे इंडियनमुळे आपल्याकडच्या टीव्हीवर पहिल्यांदा हा ठेका घरोघरी आला. आता दिल्लीच्या ‘रेगे राजाज’ मंडळींनी २०१६ मध्ये सुरू केलेला ‘गोवा सनस्प्लॅश’ हा महोत्सव आहे. त्याची खरी मजा गाणाऱ्यांइतकीच साऊंड सिस्टिममध्ये असते.

सुरुवात कुठून करू?

आधी दिवाली रिडिम नुसतं, गायनाशिवाय ऐका. त्याच्या आवृत्त्या ऑनलाइन सापडतात. टाळ्या कुठे पडतात ते हाताने धरायचा प्रयत्न करा. मग ‘नो लेटिंग गो’, ‘सफरर’, ‘गेट बिझी’, ‘नेव्हर लीव्ह यू’ या क्रमाने, मधे न थांबता. त्यानंतर मागे जाऊन ‘स्लेंग टेंग’. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, त्यात बास येतच नाही; बरा हेडफोन किंवा घरातला मोठा स्पीकर घ्या आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.